गावबखरीचं पान दोनशे अकरा

“कात्री नको. पातं घे, दाढीचं,” द्रापाल म्हणाला. “कात्रीनं कड दातेरी होते. लगेच कळतं.”

त्यानं कोटाच्या खिशातून पात्याची निळी पुडी काढली आणि टेबलावर ठेवून बोटानं हळूच पुढे सरकवली. अलोईस पेखानेकनं पुडीकडे पाहिलं. हात लावला नाही.

“इतकी वर्षं मी ह्या वहीला शाईचा डाग पडू दिला नाही, व्होय्तेख.”

“ते मला माहीत आहे रे. म्हणून तर तुलाच सांगतोय. दुसऱ्या कुणी केलं तर गाढवासारखं करेल.”

नगरभवनाच्या पहिल्या मजल्यावरची ती अरुंद खोली. खिडकीबाहेर बांधकामाच्या बल्ल्या उभ्या होत्या, कारण मनोऱ्याचं छप्पर नवं होत होतं. टेबलावर गावबखर उघडी होती. जाड, चामड्याच्या पाठीची, आणि पहिल्याच पानावर शिक्क्यासह लिहिलेलं: ह्या ग्रंथात चारशे पानं आहेत, कमी नाहीत, जास्त नाहीत. प्रत्येक गावानं आपली बखर ठेवायची, दरसाल लिहायची आणि गावकऱ्यांना वाचायला मांडायची, हा त्या मुलखाचा कायदाच होता. अलोईस दिवसा बटणांच्या कारखान्यात कोठीवर कारकून होता, आणि एकवीस वर्षं व्रबातीन गावाचा बखरकार.

“चार वाजता जिल्ह्याची गाडी येणार,” द्रापाल म्हणाला. तो गावाचा अध्यक्ष; लहानपणी ह्याच अलोईसच्या वहीतून गणितं उतरवून पास झालेला. “अडुसष्ट सालचं पान दोनशे अकरा कापायचं. त्याच्या जागी नवं चिकटवायचं. मजकूर त्यांनी टाईप करून पाठवलाय. जुनं पान मी त्यांच्या हातात द्यायचं. दिलं की विषय संपला.”

“आणि अनेझ्का?”

द्रापालनं खिडकीबाहेर पाहिलं. “मजकुरात तिचं नाव नाही. ‘एक पादचारी’ एवढंच आहे. ते एका परीनं बरंच आहे, लोईझा.” शाळेतले सोबती अलोईसला लोईझाच म्हणत.

“कुणासाठी?”

“लिबुशेचं नाव यादीत आहे,” द्रापाल एकदम म्हणाला, आवाज खाली आणून. “शाळेतून काढायच्या मास्तरांच्या यादीत. बखरकाराची मुलगी म्हणून. दोन महिने मी ते नाव अंगठ्याखाली दाबून धरलंय. माझा अंगठा केवढा, तुला ठाऊक आहे. आज चार वाजेपर्यंत पुरेल.”

तो दारापर्यंत गेला, थांबला. “दोन वाजता कळस चढवायचाय, खाली ये. बखरकार नसला तर लोक विचारतील.”

*

व्रबातीन बटणांवर उभं राहिलं होतं. समुद्र कुणी पाहिला नव्हता, पण समुद्राची धूळ घराघरात होती. शंभर वर्षांपूर्वी एका विणकराचा मुलगा व्हिएन्नाहून पाठीवर शिंपल्यांचं पोतं घेऊन आला आणि मागच्या अंगणात पायानं फिरवायचं यंत्र लावून त्यातून गोल चकत्या काढू लागला. एका अंगणाची दहा झाली, दहाची तीस. मग आगगाडी आली. मग कारखान्याची चिमणी आली. पांढरी धूळ खिडक्यांवर बसली, कोबीच्या पानांवर बसली, माणसांच्या छातीत बसली. पुरुष चकत्या काढत, आणि बायका घरी बसून ती बटणं पुठ्ठ्यावर शिवत, एका पुठ्ठ्यावर दोन डझन. शिवताना म्हणत:

पुठ्ठ्यावरी माझ्या बाई, चोवीस चंद्र उगवले
एका घराच्या अंधारा, नाही गं त्यांनी उजळले

हे सगळं बखरीत होतं. कुठली विहीर कधी आटली, कुठल्या साली आग लागली, पहिल्या लढाईहून कोण परतले, दुसरीत सहा ज्यू घरं कुठे नेली आणि त्यांतलं कुणी परत आलं का. नाही आलं. प्लास्टिकची बटणं आली त्या वर्षी आधीच्या बखरकारानं एकच ओळ लिहिली होती: ‘यंत्रांचा आवाज बदलला.’

आणि पान दोनशे अकरावर अलोईसनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं:

‘२२ ऑगस्ट, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर श्रीमती अनेझ्का स्तेह्लीकोव्हा, वय त्रेपन्न, तयार पुठ्ठे भरलेली हातगाडी घेऊन फुटपाथवर उभ्या होत्या. परकीय सैन्याची चिलखती गाडी वळताना फुटपाथवर चढली. त्या जागीच गेल्या. चालक विशीच्या आतबाहेरचा असावा. तो दुकानाच्या पायरीवर बसून रडत होता. त्याला कुणीतरी पाणी दिलं. बटणं संध्याकाळपर्यंत वेचत होते.’

अलोईसनं ते दोनदा वाचलं. मग बखरीच्या मागच्या कव्हरातला खिसा चाचपला. एकतीस साली बांधणाऱ्यानं ह्याच कागदाचे दोन सुटे ताव तिथे ठेवले होते, कधी गरज पडली तर म्हणून. चाळीस वर्षांत गरज पडली नव्हती.

दोन ताव. द्रापालला वाटत होतं, एकच आहे.

त्यानं दाराला आतून खुर्ची लावली. पहिला ताव पुढ्यात घेतला आणि पान दोनशे अकरा अक्षर न् अक्षर उतरवायला बसला. शेवटी लिहिलं: ‘मूळ पान आज कापून घेतलं जात आहे. ही खरी नक्कल.’ तारीख, ११ मे १९७२. खाली सही.

दार वाजलं. अलोईसनं कागद बखरीखाली सारला.

“बाबा, मी आहे.” त्यानं दाराची खुर्ची बाजूला केली. लिबुशे आत आली, हातात झाकणाचा डबा. मधल्या सुट्टीत ती नेहमी यायची. “शेपूची आमटी आणि उकडीचे गोळे. गरम आहेत तोवर खा.” तिचं लक्ष टेबलावरच्या पुडीकडे गेलं. मग त्याच्या शाईच्या बोटांकडे. मग बखरीखालून डोकावणाऱ्या पांढऱ्या कोपऱ्याकडे.

“लिबुशे, ऐक...”

“नको,” ती म्हणाली. “मला सांगू नका. सांगितलंत की मला माहीत असेल. आणि माहीत असलं की मला विचारतील.” तिनं डब्याचं झाकण काढलं, चमचा पुसला, त्याच्या हातात दिला. “मी तिसरीच्या मुलांना चौकात आणतेय, कळस बघायला. तुमची कॉलर वळलीये.” तिनं कॉलर सरळ केली. हात क्षणभर तिथेच राहिला. मग ती गेली.

*

कळस म्हणजे तांब्याचा पोकळ गोळा, भोपळ्याएवढा. मनोरा दुरुस्त करताना तो उतरवायचा, त्यातली नळी उघडायची, मागच्या लोकांनी काय लिहून ठेवलंय ते वाचायचं, आणि आपलं त्यात घालून पुन्हा चढवायचं. मागच्या आठवड्यात नळी उघडली तेव्हा १८७१ सालचा कागद निघाला. गावच्या भोंग्यावरून तो तीन दिवस वाचून दाखवला. ‘आमच्या गावात दोनशे चौदा घरं आहेत. दोन विहिरी चांगल्या, एक वाईट. वाचणाऱ्यानं आमच्यावर हसू नये, आम्ही घाईत होतो.’ लोक रस्त्यात उभे राहून ऐकत होते आणि हसत होते, आणि हसता हसता एखादी म्हातारी डोळे पुसत होती.

आता चौकात निम्मं गाव जमलं होतं. तांबट सोखोर ओट्यावर शेगडी फुंकत बसला होता, नळीचं झाकण सांधायचा डाख तापवत. शेजारी नवी नळी, आणि ट्रेमध्ये तिच्यात जायचे कागद: वर्तमानपत्र, नकाशा, गावाची शिरगणती, बटणांचा एक पुठ्ठा, आणि पुढच्या लोकांना लिहिलेलं पत्र. पत्र अलोईसनं लिहिलं होतं, सही द्रापालची.

“काका, गुंडाळा तुम्हीच,” सोखोर म्हणाला. “माझे हात काळे. शंभर वर्षांनी लोक म्हणायचे, काय घाणेरडी माणसं होती.”

जवळच्या बायका हसल्या. अलोईसनं ट्रे ओढला. कोटाच्या आतल्या खिशात तो ताव होता, चार घड्या करून. लोक बघत होते, म्हणून तर ते सोपं होतं. सगळे त्याचे हात बघत होते आणि हात काय करतायत ते कुणी बघत नव्हतं. शिरगणतीचे मोठे कागद त्यानं छातीशी धरून सरळ केले, आणि खाली आणले तेव्हा त्यांच्या पोटात एक जास्त होता. त्यानं गुंडाळी केली.

“थांबा.” द्रापाल गर्दीतून पुढे आला. हातात यादी. “जिल्ह्यानं सांगितलंय, आत काय जातं ते अध्यक्षानं मोजून बघायचं. कागद नऊ.”

“कॉम्रेड अध्यक्ष, डाख तापलाय,” सोखोर कुरकुरला. “थंड झाला की पुन्हा अर्धा तास.”

“तुझा डाख थांबेल.”

द्रापालनं गुंडाळी घेतली आणि एका टोकाला अंगठ्यानं कडा उलटू लागला. एक. दोन. तिसरीच्या मुलांनीही त्याच्याबरोबर मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. लिबुशेनं त्यांना गप्प केलं. अलोईस ओट्याच्या कडेला हात टेकून उभा होता. गर्दीच्या मागच्या रांगेत त्याला मातौश स्तेह्लीक दिसला, अनेझ्काचा नवरा, टोपी हातात धरलेला. सहा. सात. द्रापालचा अंगठा एका जाड, जुन्या, किंचित पिवळट कडेवर आला. थांबला. असा कागद गावात एकाच वहीत होता, आणि ती वही द्रापालनं सकाळीच पाहिली होती.

त्यानं मान वर केली नाही. फक्त कानामागे एक शीर उडत होती.

“आठ,” तो म्हणाला. पुढची कड उलटली. आणि मग आणखी एक, ओठ न हलवता. “नऊ. बरोबर आहे. लाव डाख.”

सोखोरनं झाकण बसवलं. चर्र आवाज झाला, धुराची बारीक रेघ वर गेली. कप्पीवरून दोर ताणला गेला, आणि तांब्याचा गोळा उन्हात चमकत, जरा जरा डोलत, वर निघाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

द्रापाल अलोईसच्या अगदी जवळून गेला. “पावणेचारपर्यंत उरक,” एवढंच म्हणाला.

*

तीन वाजून वीस मिनिटं. अलोईसनं पातं लावलं. कागद कापताना आवाज होत नाही असं त्याला वाटलं होतं, झाला. सुटं झालेलं पान त्यानं बाजूला ठेवलं आणि दुसरा, शेवटचा ताव पुढे घेतला.

जिल्ह्याचा टाईप केलेला मजकूर डावीकडे टेकवला होता. ‘ऑगस्टमध्ये मित्रराष्ट्रांच्या सैन्यानं नागरिकांच्या सहकार्यानं शांतता राखली. बाविसाव्या तारखेला एका पादचाऱ्याचा स्वतःच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला.’ त्यानं लिहायला घेतलं. एक बघायचं, एक लिहायचं. हात आपोआप चालायचा. एकवीस वर्षं हात एकच काम करत आला होता. तारीख लिहायची, मग माणसाचं नाव. जन्मलं ते नाव, मेलं ते नाव. नाव नसलेलं माणूस ह्या वहीत त्यानं कधी लिहिलंच नव्हतं.

चौकात मोटार थांबल्याचा आवाज आला. गाडी लवकर आली होती. दोन दारं आपटली. त्यानं खिडकीकडे पाहिलं, लिहिता लिहिताच, आणि परत कागदाकडे पाहिलं तेव्हा तिथे त्याच्या सुरेख, वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: ‘बाविसाव्या तारखेला श्रीमती अनेझ्का स्तेह्लीकोव्हा’.

खोडणं शक्य नव्हतं. खोडलेलं दिसलं की कुणी का खोडलं ते विचारणार. तिसरा ताव नव्हता. पहिला ताव आता मनोऱ्याच्या टोकाला, डाख लावलेल्या नळीत होता.

जिन्यावर पावलं वाजली. द्रापालचा आवाज, नको इतका मोठा: “या, या, कॉम्रेड, सांभाळून, पायरी झिजलीये...”

अलोईसनं टाक टेकवला आणि वाक्य पुरं केलं. ‘यांचा स्वतःच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला.’

खळ लावून पान चिकटवलं. शिक्का द्रापालनं मारला. जिल्ह्याचा माणूस, करड्या कोटाचा, थकलेला, चष्मा कपाळावर चढवून वाचत होता. “नाव का घातलंय? आमच्या मजकुरात नाव नाही.”

“बखरीत नाव घालतात,” अलोईस म्हणाला.

त्या माणसानं खांदे उडवले. “असू दे. उलट पक्कं वाटतं.” जुनं पान त्यानं पाकिटात घातलं.

तो गेल्यावर द्रापाल खुर्चीत बसला. “अरे, काय केलंस हे? ‘एक पादचारी’ होता तो. कुणीही असू शकला असता.”

“हात चुकला.”

“तुझा?” द्रापाल म्हणाला.

*

पंधरा दिवस बखर वाचायला मांडतात. नगरभवनाच्या खालच्या दालनात, लांब टेबलावर. शेजारी एक छापील तक्ता असतो: वाचणाऱ्याचं नाव, पत्ता, आणि हरकत असल्यास हरकत. लोक येत, आपलं लग्न बरोबर लिहिलंय का बघत, ‘हरकत नाही’ लिहून जात. दोनशे अकरा पान उघडून काही जण जरा जास्त वेळ थांबले. औषधाच्या दुकानातली बाई जाताना अलोईसकडे न बघता गेली. एवढंच.

अकराव्या दिवशी, दुपारी, मातौश आला. रविवारचा कोट घातलेला. तो नि अलोईस शाळेत एका बाकावर होते, आणि कारखान्यात एकाच साली लागले होते. चकत्या काढण्याच्या यंत्रात त्याची दोन बोटं पेरापर्यंत गेली होती. उरलेल्या बोटानं तो ओळीखालून सरकत, ओठ हलवत वाचू लागला. दालनात दुसरं कुणी नव्हतं.

बोट थांबलं. पुन्हा मागे गेलं. पुन्हा पुढे आलं.

“तू लिहिलंस हे?”

“हो.”

“अक्षर तुझंच आहे. विचारायला नको होतं खरं.” मातौशनं टोपी टेबलावर ठेवली. “लोईझा, तू होतास की तिथे. माझ्याबरोबर गुडघ्यावर बसून बटणं वेचत होतास. टोपलीभर झाली होती.”

“होतो.”

“मग? नुसतं ‘एक बाई’ लिहिलं असतंस तरी मी म्हटलं असतं, असेल दुसरी कुणीतरी. नाव घालून लिहिलंस. सबंध जन्म ती रस्ता ओलांडताना माझी बाही धरायची. दोन्हीकडे तीन-तीनदा बघायची. मी हसायचो तिला.” त्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. “निष्काळजी. अनेझ्का.”

अलोईसच्या ओठांपर्यंत आलं होतं. वरच्या त्या तांब्याच्या गोळ्यात काय आहे, ते. सांगितलं असतं तर ह्या माणसाचा चेहरा निवळला असता. पण सांगितलं असतं तर ते द्रापालच्या मानेवर आलं असतं. दहा कागद मोजून नऊ म्हणणाऱ्याच्या. आणि शंभर वर्षांनी कोण वाचणार होतं? मातौश तर नाही.

“हरकतीचा रकाना आहे,” अलोईस म्हणाला. “तिथे लिहिता येतं.”

मातौशनं तक्त्याकडे पाहिलं. मग टाक उचलला, मुठीत धरल्यासारखा, आणि खूप वेळ लावून, एकेक अक्षर ढकलत लिहिलं: ‘ती फुटपाथवर उभी होती.’ खाली पूर्ण नाव, गल्ली, घर नंबर.

“झालं?”

“नाही,” अलोईस म्हणाला. “हरकतीवर बखरकाराची सही लागते, खरी आहे म्हणून. सही असली तर हा तक्ता बखरीत बांधला जातो. नसली तर हरकत बाद.”

मातौशनं त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. बाहेर शाळा सुटली होती. मुलांचा गलका चौकातून आला आणि त्यात एका बाईचा आवाज, कुणाला तरी बुटाची नाडी बांधायला सांगणारा.

“लिबुशे आहे ना अजून शाळेत?” मातौशनं विचारलं.

“आहे.”

“हं.” त्यानं टोपी उचलली, पुन्हा ठेवली. “राहू दे मग, लोईझा. मी लिहिलं, तू वाचलंस. तेवढं बास झालं मला.”

अलोईसनं खुर्ची पुढे ओढली. डाव्या हातानं तक्ता सरळ केला, जसा बखरीचं पान करायचा तसा. तारीख घातली. मग लिहिलं, ‘खरं आहे. मी स्वतः पाहिलं,’ आणि सही केली, नेहमीसारखी, शेवटच्या अक्षराची शेपटी थोडी लांब ठेवून.

“थांब,” मातौश म्हणाला, “ओली आहे अजून.”

त्यानं तक्त्याचा खालचा कोपरा आपल्या तुटक्या बोटानं धरला, वारा येऊन उडू नये म्हणून. अलोईसनं वरचा धरला. दोघे तसेच बसून राहिले, वाकून, कागदावर श्वास पडणार नाही इतके हळू बोलत, थंडीत ह्या वर्षी बटाटे किती टिकले त्याबद्दल.